पान उलटून पाहणारीचे मोल



किडी, तण आणि त्यांचे नैसर्गिक शत्रू हा विषय या अंकात कशासाठी, तो शेतीच्या मासिकात शोभला असता, असे काही जणींना वाटेल. मारहाण, हुंडा, पोटगी, बलात्कार हे बायांचे प्रश्न आणि बियाणे, फवारणी, खत हे शेतकऱ्यांचे प्रश्न, अशी एक वाटणी चळवळीत होऊन बसली आहे. त्यातला 'शेतकरी' म्हणजे पुरुष, हेही न बोलता ठरून गेले आहे. वास्तविक कपाशीच्या शेतात सरकी टोबण्यापासून शेवटच्या वेचणीपर्यंत सर्वाधिक दिवस वाकलेली असते ती बाई. तिच्या अंगावर काय पडते आणि तिच्या डोळ्यांना काय दिसते, हा प्रश्न आपला नाही तर कोणाचा?

माझे म्हणणे सरळ आहे. विष कमी करायचे आणि किडींना त्यांच्या नैसर्गिक शत्रूंकरवी आवरायचे, तर विषाच्या जागी बघण्याचे श्रम येतात. हे श्रम बाईच करणार, कारण शेतात ती आहे. त्या श्रमाला मजुरी, शिक्षण आणि निर्णयाचा हक्क मिळाला नाही, तर मित्रकिडींची शेती म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक फुकटचे काम. आणि हा विषय आपला नाही म्हणून आपण सोडून दिला, तर विष आहेच. दोन्हीकडून नुकसान तिचेच.

हे शत्रू कोण?

प्रत्येक किडीला खाणारे कोणीतरी असते. मावा खाणारे ढालकिडे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत: लाल-केशरी पाठीवर काळे ठिपके. पण त्याची अळी काळी, खरबरीत, मगरीच्या आकाराची असते. ती ओळखीची नसली तर बोटाने चिरडली जाते, कारण अळी म्हणजे शत्रू एवढेच शिकवलेले असते. क्रायसोपा नावाचा हिरवा, जाळीदार पंखांचा कीटक असतो. त्याची अंडी केसाएवढ्या बारीक देठाच्या टोकावर टेकवलेली दिसतात. त्याची अळी मावा, तुडतुडे, पांढऱ्या माशीची पिल्ले फस्त करते. कोळी, चतुर, कोतवाल, साळुंकी हेही याच कामावर असतात.

सर्वांत लहान म्हणजे ट्रायकोग्रामा. मिलिमीटरभरही लांब नसलेली ही गांधीलमाशीच्या जातीची माशी पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते. पतंगाच्या अंड्यातून अळी निघण्याऐवजी आठ-दहा दिवसांनी ट्रायकोग्रामाच बाहेर पडते. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे. ही अळी अंड्यातून निघाली की लवकरच फुलात किंवा बोंडात शिरते. एकदा आत शिरली की तिला फवाऱ्याचे विष पोचत नाही आणि ढालकिडाही पोचत नाही. म्हणून तिला गाठायचे ते अंड्यातच. कपाशीवर यासाठी एकरी सुमारे ६० हजार ट्रायकोग्रामा सोडण्याची शिफारस आहे. एका कार्डावर २० हजारांच्या आसपास अंडी असतात. म्हणजे एकरी तीन कार्डे. कार्डाच्या पट्ट्या कापून त्या पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या असतात, ऊन उतरल्यावर, आणि माश्या बाहेर पडण्याच्या आधी.

आता या मित्रांवर विष पडले की काय होते ते पाहा. फवारणीत मावाही मरतो आणि ढालकिडाही मरतो. पण माव्याची नवी पिढी आठवडाभरात तयार होते. ढालकिड्याला अंड्यापासून भुंगेरा व्हायला तीन आठवडे तरी लागतात. मधल्या दिवसांत माव्याला रान मोकळे. मग दुसरी फवारणी, मग तिसरी. दुकानदाराची उधारी वाढते आणि कीडही वाढते.

हे इंडोनेशियात देशाच्या पातळीवर घडले. भातावरचा तपकिरी तुडतुडा विषाने आटोक्यात येईना, उलट विषाने त्याचे शत्रू मेल्याने तो वाढू लागला, तेव्हा १९८६ साली तिथल्या सरकारने भातावर ५७ कीटकनाशकांना बंदी घातली. पुढे विषावरचे अनुदान बंद केले आणि १९८९पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा भरवल्या. शाळा शेताच्या बांधावर, आणि पाटी म्हणजे पीक. आपल्याकडे २००२ साली सांगली भागातून उसावर लोकरी मावा पसरला, तेव्हाही फवारे कमी पडले. डिफा आणि मायक्रोमस या भक्षक किडींनी तो आवरला. त्या शेडनेटमध्ये वाढवून, पानांच्या तुकड्यांसह उसात नेऊन सोडल्या गेल्या. म्हणजे ही गोष्ट प्रयोगशाळेतली कल्पना नाही. लाखो एकरांवर सिद्ध झालेले शास्त्र आहे.

'औषध' म्हणजे काय?

आपल्या भाषेत कीटकनाशकाला 'औषध' म्हणतात. दुकानात औषध मागतात, शेतात औषध मारतात, आणि जगणे असह्य झाले की 'औषध घेतले' असेही म्हणतात. एकच बाटली, तीन अर्थ. ज्या घरात ती फळीवर असते त्या घरातल्या बाईला तिसरा अर्थही माहीत असतो.

२०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी डोक्याच्या वर वाढली होती. बोंडअळीला हटवण्यासाठी निरनिराळी विषे एकत्र करून फवारली जात होती. ती श्वासातून आणि कातडीतून शरीरात गेली. २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले, काहींच्या दृष्टीवर परिणाम झाला. सरकारने चौकशी पथक नेमले. हातमोजे आणि मास्क वापरले नाहीत, असे मेलेल्यांनाच सांगण्यात आले. दमट उकाड्यात पाठीवर पंप घेऊन रबरी कपडे घालता येतात का, हे विचारणारे कमीच निघाले.

मेलेल्यांत पुरुष जास्त होते, कारण पंप पुरुषाच्या पाठीवर असतो. पण पंपाला पाणी कोण आणते? बादलीत विष कोण कालवते? विषाने भिजलेले कपडे घरच्या धुण्यात कोण धुते? दुसऱ्या दिवशी त्याच झाडांत कंबरेएवढी शिरून निंदण आणि पुढे वेचणी कोण करते? ती गरोदर असेल, अंगावर पाजणारी असेल. तिला कोणी विचारत नाही. फवारणीनंतर किती दिवस त्या शेतात जाऊ नये, हे बाटलीवरच्या बारीक अक्षरांत इंग्रजी-हिंदीत लिहिलेले असते. मजूर बाईला ते वाचता येत नाही, आणि वाचता आले तरी त्या दिवसांची मजुरी कोण देणार? फवाऱ्याने मेला तर निदान तो बातमीत येतो. वेचणाऱ्या बाईची डोकेदुखी, अंगावरची खाज, पाळीच्या तक्रारी, गर्भपात यांची नोंद तरी कुठे होते?

तण कोणाचे?

किडींइतकाच तणाचा प्रश्न बायांचा आहे, कारण निंदणी बायांची. इथे चित्र झपाट्याने पालटते आहे. तणनाशक सहन करणारी, मान्यता नसलेली कपाशीची बियाणी विदर्भात चोरून विकली जाऊ लागली. जून २०१९मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ती जाहीरपणे पेरून सविनय कायदेभंग केला. 'तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य' ही त्यांची मागणी. मजूर मिळत नाहीत, निंदणी परवडत नाही, हे त्यांचे म्हणणे.

निंदणी हे कंबर मोडणारे काम आहे, ते संपले तर बाई सुटेल, असेही आपल्याला ऐकवले जाते. ऐकायला हे बरे वाटते. बायांनी जन्मभर खुरपे घेऊन उकिडवे बसावे असे आपल्यापैकी कोणीच म्हणत नाही. पण खुरपे सुटले की बाईच्या हातात काय येते, हे सांगा. भूमिहीन बाईला पावसाळ्यातले पैसे मिळतात ते निंदणीतून. तणनाशकाने तिचे कष्ट वाचवले असे म्हणणारे तिची मजुरीही गेली हे सांगत नाहीत. वाचलेला पैसा तणनाशकाच्या दुकानात जातो, तिच्या पदरात पडत नाही. वेचणीचे ओझे मात्र आहे तसेच, किलोच्या भावाने.

आणि तण म्हणजे तरी काय? धुऱ्यावरची चिवळ, घोळ, तरोटा, कुंजर ही मालकाच्या लेखी तणे आणि मजूर बाईच्या लेखी संध्याकाळची भाजी. उपटलेले गवत तिच्या शेळीचा चारा. त्याच बांधावरच्या फुलांवर मित्रकिडींच्या प्रौढ माश्या मध खाऊन जगतात. तणनाशक मारले की बाईची भाजी, शेळीचा चारा आणि मित्रकिडींचा आसरा एकदमच जातात. शेतमालकाच्या हिशेबात यातले काहीच नसते.

सगळीच तणे अशी गुणी नाहीत हे खरे. गाजर गवताची नोंद आपल्या देशात प्रथम पुण्यात १९५५च्या सुमारास झाली. आज ते रस्त्याच्या कडेला, गावठाणात, पडीकात सगळीकडे आहे. एकेक झाड हजारो बिया टाकते. मोकळ्या हातांनी ते उपटणाऱ्या बायांच्या कातडीला पुरळ उठते, दम लागतो. त्याचा नैसर्गिक शत्रू मेक्सिकोतला. झायगोग्रामा नावाचा हा पट्ट्यापट्ट्यांचा भुंगेरा तपासणी करून १९८४ साली बंगळूरला सोडला गेला, आणि आज तो महाराष्ट्रातही स्थिरावला आहे. पावसाळ्यात तो गाजर गवताची पाने चाळणीसारखी करतो. उन्हाळ्यात जमिनीत दडून राहतो. तो सूर्यफुलावरही दिसला, म्हणून १९९०च्या दशकात मोठा वाद झाला आणि चौकशी समिती बसली. हे चांगलेच झाले. परदेशातून जिवंत किडा आणताना प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत. हीच कसोटी बाटलीतल्या विषाला मात्र इतक्या तत्परतेने लावली जात नाही, ही आपली तक्रार आहे.

हा भुंगेरा जिथे भरपूर आहे तिथून डबीत गोळा करून जिथे नाही तिथे सोडता येतो. त्याला पैसे लागत नाहीत. माणसे आणि वेळ लागतो. गावच्या सामायिक जागेवरचे हे काम 'स्वयंस्फूर्तीने' करण्याचे आवाहन निघाले, की आपण ओळखावे: ते बचत गटाच्या माथी येणार.

गोडवे नकोत, मजुरी द्या

इथे आपल्याच बाजूच्या काही मित्र-मैत्रिणींशी भांडायला हवे. सेंद्रिय शेतीच्या व्यासपीठावर 'स्त्री आणि निसर्ग एकच', 'स्त्री जात्याच पोषण करणारी' असे फार बोलले जाते. वंदना शिवा यांनी १९८८ साली 'स्टेइंग अलाइव्ह' या पुस्तकात हिंसक विकासाविरुद्ध बायांच्या ज्ञानाची बाजू मांडली, तिचे मोल आहेच. पण बीना अग्रवाल यांनी १९९२ साली त्या विचारावर जी टीका केली ती विसरून चालणार नाही. बाईचे निसर्गाशी नाते तिच्या गर्भाशयातून येत नाही. ते तिच्या कामातून येते. जमीन कोणाची, काम कोणाचे, या वाटणीतून येते. जात आणि वर्ग बदलला की ते नातेही बदलते. पाटलाची बायको आणि तिच्या शेतात निंदणारी दलित किंवा आदिवासी मजूर बाई, दोघींना निसर्ग सारखा दिसत नाही.

गोडव्यांचा तोटा असा की ते मजुरी बुडवतात. बाई जात्याच निरीक्षण करते, मग निरीक्षणाचे पैसे कशाला? जात्याच पोषण करते, मग मित्रकिडींचे पोषणही करील! स्वयंपाक, धुणी, बाळंतपण या सगळ्यांच्या बाबतीत हेच सांगून झाले आहे. आता पानावरची अंडी मोजणेही त्या यादीत घालायचे काय?

हे काम कौशल्याचे आहे. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस आठ-आठ पतंग अडकले की धोक्याची पातळी झाली, हे मोजावे लागते. डोमकळ्या ओळखून तोडाव्या लागतात. तुरीचे झाड हलवून अळ्या खाली पोत्यावर पाडाव्या लागतात. शेंड्याला उलटी लटकून मेलेली अळी विषाणूने मेली आहे, तिच्यापासून इतर अळ्यांना रोग लागतो, म्हणून ती फेकायची नाही, हे समजावे लागते. मित्र किती, शत्रू किती, आणि फवारणी खरोखर लागेल का, हा निर्णय यातून निघतो. महाराष्ट्र सरकारने २००९ साली क्रॉपसॅप प्रकल्प सुरू केला, तेव्हा शेतात जाऊन किडी मोजायला पगारी माणसे नेमलीच होती. म्हणजे किडी मोजणे हे मोलाचे काम आहे, हे सरकारला मान्य आहे. ते मजूर बाईने केले की फुकट कसे होते?

मित्रकिडींच्या पैदाशीतही हेच. ट्रायकोग्रामासाठी आधी तांदळातल्या पतंगाची पैदास करतात, भरडलेल्या ज्वारी-बाजरीवर. हे काम बायांच्या गटांनी करावे, घरबसल्या उत्पन्न मिळेल, असे सुचवले जाते. चांगली सूचना आहे. पण त्या पतंगांच्या पंखांची भुकटी हवेत उडते, नाकातोंडात जाते आणि सतत काम करणारीला शिंका, खोकला, दमा लागू शकतो. विषमुक्त शेतीतही कामगाराचे फुप्फुस असतेच. मास्क, हवेशीर खोली आणि कामाचा दर यांच्याशिवाय 'घरबसल्या' म्हणजे घरातच आजार आणणे.

नाव कोणाचे?

प्रशिक्षणाला कोणाला बोलावतात? ज्याचे नाव सातबारावर आहे त्याला. देशातल्या वहिवाटदारांत बायांचे प्रमाण २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार जेमतेम १४ टक्के होते. म्हणजे जो पान उलटत नाही तो तालुक्याला जाऊन चहा-नाश्ता घेऊन मित्रकिडींची चित्रे पाहून येतो, आणि जी रोज पान उलटते तिला घरी येऊन काही सांगत नाही. २००७च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने शेतमजूर आणि बाया यांनाही शेतकरी म्हटले. स्वामिनाथन यांचे महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचे २०११चे खासगी विधेयक मात्र संमत न होताच व्यपगत झाले. कागदावरची व्याख्या शेताच्या बांधापर्यंत आलीच नाही.

याच महाराष्ट्रात १९८६ साली चांदवडला शेतकरी बायांचे प्रचंड अधिवेशन भरले. त्यानंतरच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनी केल्या. शरद जोशींनी 'सीताशेती' मांडली: बाईच्या नावच्या तुकड्यावर विकतच्या रसायनांशिवाय, निरीक्षण आणि प्रयोगांवर उभी शेती. मित्रकिडींची शेती याहून वेगळी काय असते? त्याच संघटनेचे झेंडे २०१९ साली तणनाशकाच्या बियाण्यासाठी फडकले, तेव्हा सीताशेतीचे काय झाले, हे विचारण्याचा हक्क चांदवडच्या बायांना आहे. आणि जमीन हातात आली की काय होऊ शकते, हेही मराठवाड्यात दिसले आहे. स्वयम् शिक्षण प्रयोगाच्या कामात बायांनी घरच्यांशी बोलून एक-एक एकर मागून घेतला आणि त्यावर रसायनांविना घरचे अन्न पिकवले. आधी निर्णय हातात आला, मग विष गेले. क्रम लक्षात घ्या.

तर आपण काय मागायचे?

१. शेतीशाळेत निम्म्याहून जास्त जागा बायांना, आणि त्यांत भूमिहीन मजूर बायांना. शाळा वस्तीत भरावी, वेळ त्यांनी ठरवावी, त्या दिवसाची मजुरी मिळावी. सातबाराची अट नको.

२. कीड-निरीक्षण हे निंदणी-वेचणीसारखे मजुरीचे काम मानावे. गावोगावी प्रशिक्षित बायांना निरीक्षक म्हणून पगारी नेमावे, आणि फवारणीचा सल्ला त्यांच्या मोजणीवरून निघावा, दुकानदाराच्या तोंडून नव्हे.

३. फवारलेल्या शेतावर लाल फडके लावणे मालकावर बंधनकारक करावे. शेत बंद असेल तितक्या दिवसांची मजुरी ठरलेल्या मजूर बायांना मिळावी. बाटलीवरची सूचना ठळक मराठीत आणि चित्रांत हवी.

४. मित्रकिडींची पैदास बायांच्या गटांकडे द्यावी. पण ठरलेल्या दराने, खरेदीच्या हमीने आणि आरोग्याच्या संरक्षणासह.

५. तणनाशकाने निंदणीचे जितके दिवस गेले, त्यांची मोजणी व्हावी आणि रोजगाराच्या सरकारी योजनांतून तितके काम बायांना त्याच पावसाळ्यात मिळावे.

६. सातबारावर बाईचे नाव. हे नसेल तर वरचे पाचही उपकारावर चालतील.

या मागण्या तालुका कृषी अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवण्याआधी आपल्या गटात चर्चेला घ्या. मजूर बाई आणि मालकीण यांचे हितसंबंध इथे आपसांत भिडतील. तिसऱ्या आणि पाचव्या मागणीवर वाद होईल. होऊ द्या. 'आपण सगळ्या बाया एकच' म्हणून तो दडपू नका. एका शेतात एक मजुरी देते आणि दुसरी घेते, हे मान्य करूनच एकजूट करता येते.

येत्या खरिपात कृषी खात्याची माणसे गावात येतील, मित्रकिडींची रंगीत पत्रके वाटतील. त्यांना एवढेच विचारा: ही पाने कोण उलटणार, आणि तिला दिवसाचे किती देणार?